बुवा एकच, आख्यानं हजार

एखाद्या मोठ्या कंपनीत नोकरी करणाऱ्या ओळखीच्या माणसाचा फोन मागून बघा. त्यात 'पॉवर ॲप्स' नावाचं मायक्रोसॉफ्टचं ॲप असण्याची बरीच शक्यता आहे. स्टोअरवरून एकदाच उतरवलेलं. ते उघडलं की आत यादी येते: रजेचा अर्ज, गोदामातला साठा, मशिनची तपासणी, आज भेटलेली गिऱ्हाइकं. एकेका नावावर बोट टेकवलं की एकेक निराळं ॲप उघडतं. रंग निराळे, बटणं निराळी, काम निराळं. दुसऱ्या कंपनीतल्या माणसाच्या फोनवर हीच यादी पार वेगळी असते. पण दोघांनी स्टोअरवरून उतरवलेला प्रोग्रॅम तोच.

मग ही आतली ॲपं आहेत तरी कुठे?

उत्तर ऐकल्यावर आधी थोडी फसवणूक झाल्यासारखं वाटतं आणि मग हळूहळू भन्नाट वाटायला लागतं. आतली ॲपं म्हणजे प्रोग्रॅम नव्हेतच. ती वर्णनं आहेत. 'पहिल्या पडद्यावर वर शीर्षक, त्याखाली तारखेची दोन खोकी, तळाला हिरवं बटण. बटण दाबलं की या तीन गोष्टी अमुक टेबलात लिही आणि साहेबांना निरोप धाड' असं एक तपशीलवार टिपण सर्व्हरवर ठेवलेलं असतं. फोनमधला प्रोग्रॅम ते टिपण वाचतो आणि वाचता वाचता आपल्यासमोर ॲप उभं करतो. कीर्तनकार बुवा तेच, झांजा-मृदंग तेच. एका गावात सुदाम्याचं आख्यान, दुसऱ्या गावात तानाजीचं. श्रोत्यांना आख्यान दिसतं, बुवा दिसत नाहीत. अर्थात, बुवा चांगले असले तर.

याचे परिणाम मोठे आहेत. नेहमीच्या ॲपमध्ये एक खोकं वाढवायचं तर अँड्रॉइडसाठी एक आणि आयफोनसाठी दुसरा प्रोग्रॅम नव्याने बांधायचा, स्टोअरकडे पाठवायचा, मंजुरीची वाट बघायची, आणि मग लोक कधी अपडेट करतील त्याचीही वाट बघायची. इथे टिपणात चार शब्द घातले, 'प्रकाशित करा' म्हटलं, की पुढच्या वेळी ॲप उघडताना खोकं हजर. शिवाय टिपण लिहायला प्रोग्रॅमर लागतोच असं नाही. लंडनच्या हीथ्रो विमानतळावरच्या एका सुरक्षा कर्मचाऱ्याची गोष्ट पॉवर ॲप्सवाल्यांच्या वर्तुळात नेहमी सांगितली जाते. प्रोग्रॅमिंग शिकलेला नसताना त्याने ऑफिसच्या संगणकावर सापडलेल्या याच साधनाने सहकाऱ्यांसाठी ॲपं बनवली, आणि त्यांच्या कामातले कागद एकेक करून हद्दपार केले. त्या कागदांची कटकट त्याने स्वतः वर्षानुवर्षं सोसलेली होती, आणि आयटी विभागातल्या कुणी ती कधी सोसलेली नव्हती. मला वाटतं, त्याच्या यशाचं अर्धंअधिक कारण तिथेच आहे.

प्रोग्रॅमरशिवाय प्रोग्रॅम ही हौस जुनी आहे. जेम्स मार्टिन यांनी १९८२ सालीच 'ॲप्लिकेशन डेव्हलपमेंट विदाउट प्रोग्रामर्स' नावाचं पुस्तक लिहिलं. अशीच साधनं बनवणारी आउटसिस्टम्स ही कंपनी लिस्बनमध्ये २००१ साली सुरू झाली, रॉटरडॅममध्ये २००५ साली मेंडिक्स. आपल्याकडच्या झोहोने २००६ साली क्रिएटर आणलं. या साधनांना 'लो-कोड' हे नाव फॉरेस्टर या संशोधन संस्थेने २०१४ साली चिकटवलं. पॉवर ॲप्स २०१६ साली सर्वांसाठी खुलं झालं आणि ॲपशीट हे तसलंच साधन २०२० साली गूगलने विकत घेतलं. पण ही सगळी अलीकडची वंशावळ झाली. खरा मूळ पुरुष शोधायचा तर १९७९ साली आलेल्या व्हिजिकॅल्कपर्यंत मागे जावं लागतं. डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी ॲपल-टू संगणकासाठी केलेला हा तक्ता. एक्सेल त्याच घराण्यातलं.

तक्त्याचा आणि मोबाइल ॲपचा काय संबंध? समजा, पडद्यावर 'नग', 'दर' आणि 'एकूण रक्कम' अशी तीन खोकी आहेत. जुन्या रीतीने प्रोग्रॅम लिहिताना बजावून ठेवावं लागतं: नग बदलले की रक्कम पुन्हा काढ, दर बदलला की पुन्हा काढ, सवलत लागली की पुन्हा काढ. एक ठिकाण विसरलं की पडद्यावर शिळा आकडा. एक्सेलमध्ये असं कुणी कधी बजावलंय? तिथे आपण फक्त 'ही रक्कम म्हणजे तो नग गुणिले तो दर' एवढं नातं सांगतो. कधी मोजायचं, कितीदा मोजायचं, कोणत्या क्रमाने मोजायचं, ते त्याचं तो बघून घेतो.

पॉवर ॲप्सवाल्यांनी ही कल्पना ताणून पडद्यावर पसरली. पडद्यावरच्या प्रत्येक वस्तूचा प्रत्येक गुण त्यांनी तक्त्यातला सेल मानला. आकडा हा सेल आहेच. पण अक्षरांचा रंग हाही सेल, चौकटीची रुंदी हाही सेल, बटण दिसावं की लपावं हाही सेल. 'रंग' या सेलमध्ये सूत्र लिहायचं: उधारी ठरलेल्या मर्यादेच्या वर असेल तर लाल, नाहीतर काळा. झालं. उधारी कुठूनही बदलू दे, कुणी रक्कम भरली म्हणून किंवा नवं बिल फाटलं म्हणून, रंग आपोआप बदलणार. आतमध्ये कोणता सेल कोणावर अवलंबून आहे याचं जाळं विणलेलं असतं, आणि एक गाठ हलली की तिच्याशी बांधलेल्या तेवढ्याच गाठी हलतात. या सूत्रभाषेला २०२१ साली पॉवर एफएक्स हे नाव मिळालं. ती मुद्दाम एक्सेलसारखी ठेवली आहे, कारण जगातल्या अकाउंट्स खात्यांत बसलेली असंख्य माणसं ती नकळत आधीच शिकून बसली आहेत.

आता टिपण झालं, सूत्रं झाली. पण माहिती साठते कुठे? इथे मला या सगळ्या प्रकरणातली सर्वांत धाडसी युक्ती दिसते, आणि ती सेल्सफोर्सची आहे.

मार्क बेनिऑफ, पार्कर हॅरिस आणि त्यांचे दोन साथीदार यांनी १९९९ साली सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका भाड्याच्या फ्लॅटमध्ये ही कंपनी सुरू केली. हजारो कंपन्यांचा विक्रीचा हिशेब एकाच ठिकाणी, इंटरनेटवर ठेवायचा, अशी कल्पना. अडचण उघड होती. प्रत्येक कंपनीला आपल्या पद्धतीची टेबलं हवीत. दातांच्या दवाखान्याला 'कोणता दात' हा कॉलम हवा, ट्रान्सपोर्टवाल्याला 'ट्रकचा नंबर'. सरळ मार्ग म्हणजे प्रत्येकाला त्याची खरीखुरी टेबलं बांधून द्यायची. पण मग लाखो टेबलं होणार, आणि रोज कुणीतरी 'एक कॉलम वाढवा' म्हणणार. डेटाबेस चालू असताना त्याची हाडंच हलवण्यासारखं ते.

त्यांनी काय केलं? एकच प्रचंड टेबल केलं आणि त्याच्या कॉलमांना नावंच दिली नाहीत. मूल्य शून्य, मूल्य एक, मूल्य दोन, असे सुमारे पाचशे बिननावाचे कॉलम. ओळीच्या सुरुवातीला फक्त एवढं: ही ओळ कोणत्या कंपनीची, कोणत्या प्रकारच्या वस्तूची, आणि तिची ओळख काय. पुढे 'मूल्य तीन'मध्ये दवाखान्याच्या ओळीत दात असतो आणि लगेच खालच्या ओळीत, दुसऱ्या कंपनीचा, ट्रकचा नंबर. सगळं साध्या मजकुराच्या रूपात, अगदी तारखा आणि रुपयेसुद्धा. 'या कंपनीसाठी मूल्य तीन म्हणजे दात' हे ज्ञान दुसऱ्याच एका टेबलात. म्हणजे पुन्हा तेच: वर्णन वेगळं, वस्तू वेगळी. ट्रान्सपोर्टवाल्याने रात्री अकरा वाजता 'ड्रायव्हरचा लायसन्स नंबर' हा नवा कॉलम मागितला, तर वर्णनाच्या टेबलात एक ओळ वाढते, बाकी काही हलत नाही. त्याला वाटतं, आपल्यासाठी टेबल बदललं. कुठलंही टेबल बदललेलं नसतं.

कुणी विचारेल, सगळंच मजकूर म्हणून ठेवलं तर 'मागच्या महिन्यातली एक लाखावरची बिलं' कशी सापडणार? अक्षरांच्या हिशेबाने '९' हे '१००'च्या नंतर येतं. म्हणून शोधायला लागणाऱ्या आकड्यांची आणि तारखांची एक जादा प्रत, आकडे आणि तारखा म्हणूनच, निराळ्या टेबलात ठेवतात. शोध तिथे घ्यायचा आणि मूळ ओळीपर्यंत यायचं. डेटाबेसचं शास्त्र वर्गात शिकवणाऱ्याने बघितलं तर कपाळाला हात लावावा अशी ही रचना आहे. आणि तिच्यावर जगातल्या बड्या बड्या कंपन्यांचा धंदा चालतो.

हे सगळं सर्व्हरवरचं, म्हणजे वीज आणि नेट कायम असलेल्या सुखी जगातलं. धंद्याचं ॲप मात्र रस्त्यावर वापरलं जातं.

समजा, साताऱ्याच्या एका डिस्ट्रिब्युटरचा सेल्समन आज कोयनेच्या खोऱ्यातल्या बीटवर आहे. घाट उतरला आणि रेंज गेली. दुकानात शिरून तो विचारतो, "काकू, साबणाच्या किती पेट्या टाकू?"

"दोन टाक. आणि मागच्या खेपेची ओली पाकिटं घेऊन जा, तशीच पडलीत."

तो दोन लिहितो, परतीच्या मालाची नोंद करतो, बटण दाबतो. पडदा म्हणतो, 'ऑर्डर जतन झाली.' कुठे झाली? सर्व्हरशी तर संबंधच तुटलेला आहे.

झाली ती फोनमध्येच. बहुतेक वेळा एसक्यूलाइट नावाच्या चिमुकल्या डेटाबेसात. त्याची जन्मकथा सांगायलाच हवी. डी. रिचर्ड हिप हे अमेरिकी नौदलाच्या एका विनाशिकेसाठी सॉफ्टवेअर लिहीत होते. जहाजाला मार बसून पाइप फुटले तर कोणते व्हॉल्व्ह बंद करायचे, हे सांगणारं सॉफ्टवेअर. त्याची माहिती वेगळ्या डेटाबेस-सर्व्हरवर होती, आणि तो सर्व्हर बंद असला की पडद्यावर 'संपर्क होत नाही' एवढंच यायचं. म्हणजे ज्या क्षणासाठी हे सगळं केलं, नेमकं तेव्हाच ते मुकं होण्याची भीती. हिप यांनी विचार केला, मध्ये सर्व्हर हवाच कशाला? अख्खा डेटाबेस एका साध्या फाइलीत मावेल असं काहीतरी करू. २००० साली एसक्यूलाइट आलं, तेही कुणीही फुकट वापरावं म्हणून खुलं. आज ते जवळपास प्रत्येक स्मार्टफोनमध्ये आहे. त्याच्या कर्त्यांच्या अंदाजाने जगात एक लाख कोटींहून अधिक एसक्यूलाइट डेटाबेस वापरात असावेत. युद्धनौकेवरची ती भीती आज काकूंच्या दोन पेट्या सांभाळते.

पुढचा प्रश्न ऑर्डरच्या नंबरचा. एरवी सर्व्हर ओळीने नंबर देतो: १०४१, १०४२. रेंज नसताना विचारायचं कुणाला? आणि फोनने मनाने १०४३ दिला, तर त्याच क्षणी दुसऱ्या खोऱ्यातला दुसरा फोनही १०४३ देणार. म्हणून फोन नंबर देतच नाही, ओळख काढतो. एक आणि शून्य यांची नाणेफेक १२२ वेळा करावी तसा हा निव्वळ यदृच्छेने आलेला लांबलचक आकडा असतो. तोच आकडा दुसऱ्या कुणाला मिळाला तर? हिशेब असा आहे: दर सेकंदाला शंभर कोटी अशा ओळखी सलग सुमारे ८५ वर्षं काढत राहिलं, तर कुठे त्यात एक जोडी सारखी निघण्याची शक्यता निम्मी होते. कुणाला विचारायचं नाही, कुणाशी ताळमेळ ठेवायचा नाही, आणि तरी गोंधळ होत नाही. या हिशेबापुढे मी दरवेळी थबकतो.

संध्याकाळी घाटमाथ्यावर क्षणभर रेंज येते. फोन लगेच साठलेल्या नोंदी लावलेल्या क्रमाने पाठवायला लागतो. क्रम महत्त्वाचा, कारण नवं दुकान आधी पोचलं पाहिजे, त्याची ऑर्डर नंतर. काकूंची ऑर्डर सर्व्हरवर पोचते. सर्व्हर 'मिळाली' असं उत्तर पाठवतो, आणि वळण घेताच रेंज पुन्हा गायब. उत्तर हवेत विरलं. आता फोनला कळायला मार्ग नाही की ऑर्डर पोचली नाही, की पोचली पण पोच हरवली.

इथे गणित आडवं येतं. रस्ता बेभरवशाचा असेल तर निरोप-पोच-पोचेची पोच कितीही वेळा फिरवली तरी दोन्ही टोकांना पूर्ण खात्री होणं शक्यच नाही, हे सत्तरच्या दशकातच सिद्ध झालेलं आहे. संगणकशास्त्रात त्याला दोन सेनापतींचा प्रश्न म्हणतात. उपाय सापडलेला नाही असं नव्हे. उपाय असूच शकत नाही. मग इंजिनिअरांनी खात्रीचा नाद सोडला आणि पुनरावृत्ती निरुपद्रवी करून टाकली. फोन तीच ऑर्डर बिनधास्त पुन्हा पाठवतो. सर्व्हर ती लांबलचक ओळख बघतो, 'ही आलीये आधी' म्हणून बाजूला ठेवतो आणि मुकाट्याने पुन्हा 'मिळाली' कळवतो. दहादा पाठवा, काकूंकडे पेट्या दोनच येणार.

एक पेच उरतो. सेल्समनने दुकानात काकूंचा मोबाइल नंबर बदलला, आणि त्याच दुपारी ऑफिसातल्या मुलीनेही काकूंचा फोन आला म्हणून तो बदलला. खरा कुठला? 'ज्याची वेळ नंतरची तो' म्हणावं, तर फोनचं घड्याळ मागेपुढे असू शकतं. वेगवेगळ्या यंत्रांच्या घड्याळांवर विसंबून 'आधी' आणि 'नंतर' ठरवता येत नाही, हे लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ सालच्या एका निबंधात दाखवून दिलं. आजही या विषयाची सुरुवात तिथूनच होते. म्हणून नोंदीला आवृत्तीचा आकडा देतात. फोन सांगतो, 'मी सातव्या आवृत्तीवरून बदल केला.' सर्व्हरवर अजून सातवीच असेल तर ठीक. आठवी झाली असेल तर मध्ये कुणीतरी हात लावलाय, थांबा, माणसाला विचारा. मालाच्या शिल्लकेसाठी मात्र हेही पुरत नाही. तिथे चांगला ॲप बांधणारा 'शिल्लक अठरा' असं पाठवतच नाही. 'दोन गेल्या' असं पाठवतो. मग कुणाच्या दोन आधी पोचल्या आणि कुणाच्या तीन नंतर, याने बेरजेत काही फरक पडत नाही.

हे सगळं प्लॅटफॉर्ममध्ये मुरलेलं असतं, म्हणून तर चौकोन ओढून ॲप बनवणाऱ्याला त्याची गंधवार्ता नसते. पण गंधवार्ता नसण्याची किंमतही असते. पॉवर ॲप्समध्ये एखादा शोध सर्व्हरला समजणाऱ्या भाषेत मांडता येत नसेल, तर प्लॅटफॉर्म पहिल्या ५०० ओळी फोनवर आणतो आणि तिथे चाळतो. मर्यादा वाढवून वाढवून २००० करता येते. डिस्ट्रिब्युटरची दुकानं ४८० असेपर्यंत ॲप झकास चालणार. पाचशे एकावं दुकान जोडलं की ते शोधात येत नाही. लाल अक्षरांत त्रुटी नाही, काही नाही. दुकान फक्त दिसत नाही. ॲप बांधताना कोपऱ्यात एक पिवळा त्रिकोण इशारा देत असतो, पण पिवळ्या त्रिकोणांकडे कोण बघतं?

यापेक्षा मोठा फटका ऑगस्ट २०२१ मध्ये उघड झाला. पॉवर ॲप्सवर बांधलेल्या अनेक वेबपोर्टलांमधली माहिती कुणालाही वाचता येत असल्याचं अपगार्ड या सुरक्षा संस्थेने जाहीर केलं. ४७ संस्था, एकूण ३ कोटी ८० लाख नोंदी. कुणी कुलूप फोडलं नव्हतं. कोणती ओळ कुणाला दिसावी हे ठरवणारी परवानगी मुळात बंद स्थितीत मिळत असे आणि ती चालू करायची अनेकांच्या ध्यानातच आलं नव्हतं. मायक्रोसॉफ्टने नंतर ती आधीपासूनच चालू ठेवायला सुरुवात केली.

महाराष्ट्रात या तंत्राचा एक फार मोठा वापर कुठल्या कंपनीत नव्हे, अंगणवाडीत झाला. पोषण अभियानात अंगणवाडी सेविकांच्या फोनवर आलेलं 'कॅस' हे ॲप डिमॅगी या अमेरिकी कंपनीच्या कॉमकेअर नावाच्या प्लॅटफॉर्मवर उभं होतं. वर्णनं वाचून ॲप उभं करणारा तोच प्रकार, तीच रेंजशिवाय चालण्याची सोय: बाळाचं वजन, गृहभेट, लसीची तारीख, सगळं आधी फोनमध्ये, मग सर्व्हरवर. देशभरात पाच लाखांहून अधिक सेविकांच्या हातात ते होतं. २०२१ मध्ये केंद्राने ते बंद करून त्याजागी 'पोषण ट्रॅकर' आणलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राज्यभरातल्या सेविकांनी सरकारी फोन परत करण्याचं आंदोलन केलं. फोनची मेमरी तुटपुंजी, तो तापतो, अडकतो, या तक्रारी होत्याच. पण एक तक्रार अशी होती की नवं ॲप इंग्रजीत आहे.

वर्णनावर चालणाऱ्या ॲपमध्ये पडद्यावरचा प्रत्येक शब्द हा टेबलातला एक सेल असतो. भाषा वाढवायची म्हणजे शेजारी एक कॉलम वाढवायचा आणि समोरासमोर शब्द भरायचे. प्रोग्रॅमला हात लावावा लागत नाही. शब्द भरायला दोन मराठी माणसं आणि थोडे दिवस लागतात. पोषण ट्रॅकर आज २४ भाषांत मिळतं, मराठीतही.